‘विंडोज टेन मारून घ्या’ म्हणे!

नव्या संगणकावर व्हीपीएन चालत नाही, अशी तक्रार घेऊन कुठल्याही बड्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावा. उत्तर ठरलेलं आहे : “सर, विंडोज टेन मारून घ्या.” एवढं बोलून पलीकडचा सुटतो. तुमच्यासमोर नवाकोरा लॅपटॉप असतो, त्यात विंडोज इलेव्हन असतं, आणि सल्ला मिळतो तो ज्या सिस्टीमचा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला तिच्याकडे परत जाण्याचा. याला तांत्रिक मदत म्हणायचं असेल, तर टाळाटाळ कशाला म्हणायचं?

मी कोल्हापुरात छोट्या कारखान्यांचे आणि ऑफिसांचे संगणक सांभाळतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कधी कागल. मधेच राजारामपुरीतलं एखादं सीए ऑफिस नाहीतर लक्ष्मीपुरीतली एखादी पेढी. या फेरीत गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल, तर नव्या विंडोजवर चालेल असा व्हीपीएन क्लायंट, म्हणजे व्हीपीएन जोडून देणारा प्रोग्रॅम, शोधण्यात. व्हायरस, प्रिंटर, टॅली हे सगळं त्यानंतर.

व्हीपीएन म्हटलं की पुष्कळांना बंदी घातलेल्या साइट आणि परदेशी मालिका आठवतात. तो धंदा वेगळा. मी बोलतोय पोटापाण्याच्या व्हीपीएनबद्दल. चाकणच्या गाड्यांच्या कंपनीला कास्टिंग पुरवणारा शिरोलीचा फाउंड्रीवाला ज्यातून कंपनीच्या सर्व्हरवर शेड्यूल बघतो आणि डिस्पॅचची नोंद करतो, तो. हिंजवडीची नोकरी फुलेवाडीतल्या घरून करणारी मुलगी सकाळी ज्यातून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरते, तो. मधल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून सगळी देवाणघेवाण सांकेतिक करायची आणि तुमचा संगणक थेट संस्थेच्या नेटवर्कमध्ये नेऊन बसवायचा, हे त्याचं काम. तो जोडला नाही तर शेड्यूल दिसत नाही, भरलेली गाडी गेटवर उभी राहते, मुलीची सुट्टी मांडली जाते. ज्या प्रोग्रॅमवर हे सगळं अडतं, त्याची जबाबदारी घ्यायला मात्र कुणी तयार नाही.

ग्राहक कंपनीच्या आयटी विभागाला विचारलं, तर तो क्लायंट बनवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवतो. ती म्हणते, आमचा करार तुमच्याशी नाही; शिवाय नवं व्हर्जन बाजारात आहे, पण त्यासाठी सर्व्हरची बाजू बदलावी लागेल, ते तुमच्या ग्राहकाला सांगा. मायक्रोसॉफ्ट म्हणतं, ड्रायव्हर आमचा नाही. लॅपटॉप विकणारा म्हणतो, मशीन तर चालू आहे की! फिरून फिरून फोन येतो माझ्याकडे : “भावा, कालपर्यंत चालत होतं की! आता मी भट्टी बघू, का तुझा व्हीपीएन?” मालकाचं चुकत नाही. वितळलेलं लोखंड हेल्पलाइनच्या संगीतासाठी थांबत नाही.

सगळ्यात संतापजनक प्रकार एका ग्राहक कंपनीचा. नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. तिच्या आयटी विभागानं पुरवठादारांना कळवलं : सध्याचा क्लायंट विंडोज टेनपर्यंतच चालतो, कृपया तेच वापरावं. त्याच कंपनीच्या माहिती सुरक्षा विभागाची प्रश्नावली आली : मुदत संपलेली ऑपरेटिंग सिस्टीम आमच्याकडे वापरात नाही, असं सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं. कंपनी एक, पोर्टल एक, आणि हुकूम एकमेकांना छेद देणारे. पहिला पाळावा तर दुसऱ्यावर खोटी सही करायची. दुसरा पाळावा तर लॉगिन बंद. फाउंड्रीवाला पहिला पाळतो आणि दुसऱ्यावर सही ठोकतो. हे आयटी विभागाला ठाऊक असतं, सुरक्षा विभागाला ठाऊक असतं, ऑडिटरलाही ठाऊक असतं. सुरक्षेच्या नावाखाली खोटं लिहून घेण्याची ही पद्धत कागदोपत्री मात्र निर्दोष दिसते.

हे दुखणं जुनं आहे. सिस्कोचा जुना व्हीपीएन क्लायंट या धंद्यातल्या प्रत्येकानं वापरलेला. त्याचा सपोर्ट जुलै २०१४ मध्ये संपला. विंडोज टेन आलं २९ जुलै २०१५ ला. म्हणजे नवी सिस्टीम यायच्या वर्षभर आधीच क्लायंट निवृत्त झालेला होता. तरी कित्येक ऑफिसांत तोच चालू राहिला, कारण त्याच्या जागी आलेला एनीकनेक्ट जुन्या पद्धतीच्या सर्व्हरशी बोलत नव्हता आणि सर्व्हर बदलायला वरच्या कुणाची मंजुरी नव्हती. मग ४४२ क्रमांकाची ती कुप्रसिद्ध चूक दिसायची : व्हर्च्युअल अडॅप्टर सुरू करता आला नाही. तोडगा काय, तर रजिस्ट्रीत शिरायचं, अडॅप्टरच्या नावाच्या नोंदीतला सुरुवातीचा मजकूर खोडायचा आणि मशीन पुन्हा चालू करायचं. तेवढ्यावर भागलं नाही तर दुसऱ्याच एका कंपनीचा क्लायंट टाकायचा, का तर त्याच्यासोबत येणारा एक नेटवर्क ड्रायव्हर सिस्कोच्या कामी यायचा. जगभरच्या ऑफिसांची सुरक्षित जोडणी अशा उसनवारीवर वर्षानुवर्षं चालली, आणि ती चालवणाऱ्या विभागांना त्यात लाज वाटली नाही.

आता विंडोज इलेव्हनकडे या. ही सिस्टीम काही काल आलेली नाही. ऑक्टोबर २०२१ पासून ती बाजारात आहे. विंडोज टेन कधी थांबणार, हे तर मायक्रोसॉफ्टनं कित्येक वर्षं आधी जाहीर करून ठेवलं होतं. एवढ्या अवधीत एक क्लायंट बदलता आला नाही, याला अडचण म्हणत नाहीत.

तो चालत का नाही, हेही समजून घ्या, म्हणजे हेल्पलाइनवाला गोल बोलायला लागला की तुम्हाला कळेल. जुन्या पद्धतीचा व्हीपीएन क्लायंट साध्या प्रोग्रॅमसारखा वरवर बसत नाही. तो एक खोटं नेटवर्क कार्ड तयार करतो आणि त्याचा ड्रायव्हर सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जाऊन बसतो. विंडोज इलेव्हन फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यामुळे ३२ बिटचे जुने ड्रायव्हर तिथेच संपले. नव्या मशीनवर ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची तपासणी बहुधा आधीपासून चालू असते. तिच्या नियमात न बसणारा ड्रायव्हर ती आत घेत नाही. आणि २०२४ च्या जूनपासून स्नॅपड्रॅगन चिपचे जे लॅपटॉप दुकानांत आले, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. इंटेलसाठी लिहिलेले साधे प्रोग्रॅम त्यांच्यावर रूपांतर होऊन चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. ड्रायव्हर त्या चिपसाठी नव्यानं बांधलेलाच लागतो. बॅटरी दिवसभर टिकते म्हणून हौसेनं घेतलेला लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कला जोडताच येत नाही, हे दुकानदार सांगत नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

मॅकवाल्यांनी हसू नये. ॲपलनं २०१६ साली पीपीटीपी हा जुना व्हीपीएन प्रोटोकॉल काढून टाकला, २०१९ साली मॅकच्या कॅटालिना आवृत्तीत ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद केले, आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवर तर बाहेरच्या कंपनीचं कर्नल एक्स्टेन्शन टाकायचं म्हणजे रिकव्हरीत जाऊन आधी सुरक्षा खाली आणावी लागते. तिथले जुने क्लायंटही असेच रस्त्यात पडले.

कर्नलचं दार घट्ट करणं चूक नाही, हे मी मान्य करतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणून उभे केले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. गाभ्यात बसलेलं परकं सॉफ्टवेअर काय करू शकतं, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. म्हणून मायक्रोसॉफ्टनं नियम कडक केले तर माझी तक्रार नाही. मात्र त्यांनाही मोकळं सोडायचं कारण नाही. जानेवारी २०२२ च्या त्यांच्याच अपडेटनं एल२टीपी या व्हीपीएन प्रोटोकॉलच्या जोडण्या तोडल्या आणि घाईघाईनं वेगळी दुरुस्ती काढावी लागली. एप्रिल २०२४ च्या अपडेटनं पुन्हा व्हीपीएन बिघडवले. ते मे महिन्यात सावरलं. दोन्ही वेळा शिरोलीतल्या ऑपरेटरला काय वाटलं? आपलंच काहीतरी चुकलं. सॉफ्टवेअर कंपन्यांचं खरं यश कुठलं असेल, तर स्वतःच्या चुकीसाठी गिऱ्हाइकाला अपराधी वाटायला लावणं.

हा त्रास फक्त वेळ खाणारा असता, तर मी लिहायला बसलो नसतो. तो धोकादायक आहे, आणि तो धोका हेल्पलाइनवाले स्वतः शिकवतात. “अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा.” “मेमरी इंटिग्रिटी ऑफ करा.” “ड्रायव्हरची सही तपासू नका असं सेटिंग करा.” “इन्स्टॉलर आमच्याकडे नाही, गुगलवर मिळेल.” या चार वाक्यांत संगणक फोडायला लागतं ते सगळं आलं. चोराला वेगळी मेहनत नको.

आणि गुगलवर काय मिळतं? जून २०२५ मध्ये सोनिकवॉल कंपनीनंच इशारा दिला की त्यांच्या नेटएक्स्टेंडर या व्हीपीएन क्लायंटची बनावट प्रत खऱ्यासारख्या दिसणाऱ्या साइटवर ठेवलेली आहे. ती टाकणाऱ्याचं युजरनेम, पासवर्ड आणि जोडणीचा सगळा तपशील सरळ चोराच्या सर्व्हरवर जात होता. त्या प्रतीवर डिजिटल सहीसुद्धा होती. आता सांगा, क्लायंट शोधत साइटीमागून साइटी धुंडाळणारा, उद्या सकाळी गाडी सोडायची आहे म्हणून घायकुतीला आलेला आमचा स्टोअर क्लार्क खरं-खोटं कसं ओळखणार? आणि ते ओळखणं हे त्याचं काम कधीपासून झालं?

चोर आपल्या गावापर्यंत येत नाही, अशा भ्रमात कोल्हापूरकरांनी तरी राहू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून ९४ कोटींवर रक्कम लुटली गेली, तेव्हा बनावट कार्डांनी पैसे उपसले गेलेल्या गावांत कोल्हापूरही होतं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या मालवेअरनं जगभर धुमाकूळ घातला, त्यात न्हावाशेव्याचं एक टर्मिनल ठप्प झालं. यांतला एकही हल्ला व्हीपीएनमधून झाला असं मी म्हणत नाही. ढिलाईचं बिल आपल्या गावातही फाडलं जातं, एवढंच म्हणतो.

आता याच ग्राहक कंपन्या पुरवठादाराशी कशा वागतात ते पाहा. ग्राहक कंपनीनं ड्रॉइंग बदललं की फाउंड्रीला तारीख मिळते. त्या तारखेपासून नव्या ड्रॉइंगप्रमाणेच कास्टिंग जायला हवं. नाही गेलं, तर माल रिजेक्ट, वर डेबिट नोट. ‘साहेब, पॅटर्न जुना आहे, तुम्हीच जुनं ड्रॉइंग वापरा’ असं सांगायची उद्यमनगरात कुणाची छाती नाही. सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ऑर्डर दुसऱ्याला. पण सॉफ्टवेअर पुरवणारा नेमकं हेच सांगतो. त्याला डेबिट नोट नाही, रिजेक्शन नाही. दर वर्षी एएमसीचा चेक मात्र वेळेवर. लोखंड ओतणाऱ्याला एक न्याय आणि कोड विकणाऱ्याला दुसरा, हा भेद कुणी आणि कधी ठरवला?

“जुनी सिस्टीम पैसे भरून वाढवून घ्या,” असाही सल्ला मिळतो. व्यवसायांसाठी विंडोज टेनच्या वाढीव सुरक्षा अपडेटचा दर मायक्रोसॉफ्टनं पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर जाहीर केला. तो दर वर्षी दुप्पट होणार आणि जास्तीत जास्त तीन वर्षं मिळणार. हिशेब करा : ६१, मग १२२, मग २४४. एका संगणकाला तीन वर्षांत ४२७ डॉलर, कशासाठी, तर दुसऱ्या कुणीतरी आपला क्लायंट बदलला नाही म्हणून! आळस त्यांचा आणि भुर्दंड दहा संगणकांच्या कारखान्याचा.

सरकारचं काय? व्हीपीएनकडे आपल्या सरकारचं लक्ष नाही, असं कुणी म्हणू नये. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढून व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर उचलले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना त्यातून सूट मिळाली. म्हणजे व्हीपीएन कोण घेतो याची नोंद ठेवायचा नियम झाला. जो व्हीपीएन लाखो लोकांवर कामासाठी लादला जातो, तो चालू सिस्टीमवर चालला पाहिजे, असा साधा नियम मात्र कुणाच्या डोक्यात आला नाही. सरकारी खात्यांनी तरी तो कुठल्या तोंडानं करावा? ई-निविदा भरायला जावाची जुनी आवृत्ती आणि इंटरनेट एक्सप्लोरर लागायचा, ते दिवस आमचे ठेकेदार विसरलेले नाहीत. जग पुढे गेलं तरी सरकारी कामासाठी कोपऱ्यात एक जुना संगणक राखून ठेवायचा, ही रीत तिथूनच पडली.

हे सगळं टाळता येत नाही, असंही नाही. व्हीपीएनसाठी वेगळा क्लायंट लागलाच पाहिजे, ही समजूत विकणाऱ्यांनी पसरवलेली आहे. आयकेईव्ही२ हा खुला प्रोटोकॉल २००५ पासून आहे. तो वापरणारा क्लायंट विंडोज सेव्हनपासून विंडोजमध्येच आहे, ॲपलच्या सिस्टीममध्येही तयारच आहे. सिस्टीम बदलली की तिच्यासोबत तोही नवा होऊन येतो. डाउनलोड नाही, ड्रायव्हरची भानगड नाही. वेगळाच हवा असेल तर वायरगार्ड आहे. मोजक्या ओळींचा, कुणीही तपासावा असा खुला कोड, मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामावून घेतलेला, विंडोज आणि मॅकवरही उपलब्ध. ओपनव्हीपीएन तर वीस वर्षांहून जुना आणि अजून धडधाकट. सर्व्हर बदलायचा नसेल, तर ओपनकनेक्ट नावाचा मुक्त क्लायंट सिस्कोच्या एनीकनेक्टसह आणखी काही कंपन्यांच्या सर्व्हरशी बोलतो. पर्याय आहेत. ते अमलात आणायला आयटी प्रमुखानं एक नस्ती हलवावी लागते, आणि तिथेच गाडी रुतते.

एक इशारा देऊन ठेवतो. ‘अंगभूत क्लायंट चालतो’ म्हणून काही ऑफिसं जुन्या राउटरमधला पीपीटीपी चालू करून मोकळी होतात. तो वापरू नका. त्याची पासवर्ड तपासण्याची पद्धत एका दिवसात फोडता येते, हे २०१२ सालीच जगासमोर करून दाखवलं गेलंय. मायक्रोसॉफ्टनंही ऑक्टोबर २०२४ मध्ये पीपीटीपी आणि एल२टीपी या दोन्हींना सर्व्हरच्या पुढच्या आवृत्त्यांतून निरोप देणार असल्याचं जाहीर केलं. जुळतो म्हणून सुरक्षित असतो, असं नाही.

“छोट्या गावातल्या चार-दोन पुरवठादारांसाठी आम्ही सगळी यंत्रणा बदलायची का?” असं एका साहेबांनी मला विचारलं होतं. साहेब, या छोट्या गावातून तुमच्या इंजिनाचे भाग जातात. या गावात १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. पुण्याच्या कंपन्यांची कोड लिहिणारी पोरं इथं घरी बसून काम करतात, आणि शेंडा पार्कात आयटी पार्क व्हावा म्हणून हे गाव किती वर्षं घसा कोरडा करतंय. इथला संगणक तुमच्या नेटवर्कला जोडलेला आहे, म्हणजे तो तुमच्याच नेटवर्कचा भाग आहे. इथं मुदत संपलेलं विंडोज ठेवायला लावलंत, तर भोक तुमच्या भिंतीला पडतं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची योग्य काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘पुरवठादारानं लिहून दिलं होतं’ या कागदावर तेव्हा किती भरवसा ठेवता येईल, ते तुमच्या वकिलाला आत्ताच विचारून ठेवा.

राहता राहिलो आपण. आपलीही सोसायची सवय वाईट. क्लायंट चालला नाही की आपण ओळखीच्या पोराला बोलावतो, तो काहीतरी खुडबूड करून देतो, आपण चहा पाजतो आणि विषय संपतो. वर कुणाला काही कळतच नाही. यापुढे जो कुणी तुम्हाला व्हीपीएन वापरायला सांगेल, त्याला मेलवर तीन गोष्टी लेखी विचारा. कोणत्या सिस्टीमच्या कोणत्या आवृत्तीवर तो चालतो, आणि स्नॅपड्रॅगनवर चालतो का? नवी सिस्टीम आल्यावर किती दिवसांत नवा क्लायंट मिळेल? इन्स्टॉलर तुमच्या स्वतःच्या कोणत्या पत्त्यावरून घ्यायचा? उत्तर आल्याशिवाय नवा लॅपटॉप घेऊ नका, सुरक्षेच्या प्रश्नावलीवर सही करू नका. ‘विंडोज टेन मारून घ्या’ असं फोनवर कुणी म्हणालं, तर तेच वाक्य नाव आणि हुद्द्यासह मेलवर मागा. माझा अनुभव असा, की हे वाक्य लिहून द्यायला आजवर एकही साहेब तयार झालेला नाही.